पदवीनंतरचे १८ महिने: जर्मनीला निघालेल्या एका मुलीच्या प्रश्नांना उत्तर

अंबाजोगाईच्या एका मुलीने विचारले आहे की, छत्रपती संभाजीनगरला यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी झाली आहे, जर्मनीत इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे, वडील कर्ज काढायला तयार आहेत. तर शिक्षण संपल्यावर तिकडे नोकरी लागायला किती काळ जातो, तिथले राहणे अंगवळणी पडते का, एकटेपणा सोसतो का, आणि गेलेली माणसे परत का येत नाहीत. प्रश्न साधे आहेत, पण ते वाचल्यापासून माझे मन स्वस्थ नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी औसा तालुक्यातली. नांदेडला अभियांत्रिकी करून २०११ मध्ये इकडे जर्मनीत आले, २०१३ मध्ये शिक्षण संपवले आणि तेव्हापासून बव्हेरिया राज्यातल्या एका मध्यम आकाराच्या शहरात नोकरी करते. ए.पी.एस. प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रे तपासून मिळणारे) कसे काढायचे, बंद खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते) वर्षाला ११,९०४ युरो का दाखवायचे, व्हिसाच्या अर्जाला काय काय जोडायचे, हे सगळे दूतावासाने व्यवस्थित लिहून ठेवले आहे. ते मी पुन्हा सांगत नाही.

पदवी मिळाल्यानंतर नोकरी शोधण्यासाठी जर्मनीत १८ महिने राहण्याचा परवाना मिळतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. सल्ला देणारा प्रत्येक जण हा आकडा मोठ्या खुशीत सांगतो. पण तुमच्या वडिलांनी काढलेल्या कर्जाचे घड्याळ वेगळे चालते. आपल्याकडच्या बहुतेक सरकारी बँका अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यापुढे एक वर्ष इतकीच सवलत देतात आणि मग हप्ता सुरू होतो. अभ्यासक्रमाचा काळ बँक प्रवेशपत्रावरून धरते, म्हणजे दोन वर्षे. प्रत्यक्षात इथे प्रबंधाचे काम लांबते, एखादा विषय राहतो, आणि अडीच वर्षे सहज लागतात. म्हणजे जर्मन सरकार तुम्हाला १८ महिने देत असले, तरी बँकेच्या हिशेबाने तुमच्या हातात कधी कधी सहाच महिने उरतात. त्याच सुमारास विद्यापीठातली नोंदणी संपते, तिच्याबरोबर विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त आरोग्य विमा संपतो आणि विम्याचा हप्ता बराच वाढतो, आणि वसतिगृहाची खोलीही आज ना उद्या सोडावी लागते. माणूस विद्यार्थी राहिलेला नसतो आणि नोकरदार झालेला नसतो. परदेशातला सगळ्यांत अवघड काळ कोणता असे मला कोणी विचारले, तर मी पहिला हिवाळा सांगणार नाही, हा काळ सांगेन.

वडिलांशी तारणाबद्दल आधीच स्पष्ट बोलून घ्या. आपल्याकडे घरात जमीन असते, रोकड नसते. आणि मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँका शेतजमीन सहसा तारण घेत नाहीत, कारण थकीत कर्जाच्या वसुलीसाठी बँकांना तारण थेट ताब्यात घेण्याचा अधिकार देणारा जो २००२ चा कायदा आहे, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. मग एन.ए. (बिगरशेती) झालेला प्लॉट लागतो, नाहीतर राहते घर. माझ्या वेळी मामांचा लातूरचा प्लॉट तारण होता. नोकरी शोधत असताना रात्री मला वडील आठवत नसत, मामी आठवत असे, कारण त्या प्लॉटवर घर बांधायचे ती लग्नापासून म्हणत होती. कर्ज फिटले, घरही झाले, आणि मामी त्याबद्दल एक शब्द कधी बोलली नाही. तरीही तिच्यासमोर बसले की मला अजून अवघडल्यासारखे होते.

आता नोकरीचे. तुमचा अभ्यासक्रम इंग्रजीत आहे, पण तुमचे पोट जर्मनवर चालणार आहे, हे आजच लिहून घ्या. सॉफ्टवेअरमध्ये, विशेषतः बर्लिनसारख्या शहरात, इंग्रजीवर निभावते. यांत्रिकीच्या मुलांचे तसे नाही. या देशातली यंत्रनिर्मिती फार मोठ्या प्रमाणावर लहान गावांतल्या मध्यम कंपन्यांमध्ये होते. तिथे कारखान्यातला फोरमन, खरेदी विभाग, सुरक्षिततेच्या सूचना, जेवणाच्या टेबलावरचे बोलणे, सगळे जर्मनमध्ये असते. जर्मनची बी-२ पातळी (ए-१ पासून सी-२ पर्यंतच्या सहा पायऱ्यांतली चौथी) नसेल तर अर्ज वाचलाही जात नाही, असा अनुभव मला आणि माझ्या बरोबरच्या बहुतेकांना आला. इथे पोहोचल्यावर शिकू, असे म्हणू नका. पहिल्या सत्राचा अभ्यास, स्वयंपाक आणि आठवड्याला २० तासांचे काम यांतून भाषेला वेळ उरत नाही. व्हिसा येईपर्यंतचे महिने हाती आहेत, तेवढ्यात निदान ए-२ पूर्ण करून निघा.

दुसरे म्हणजे, शिकत असताना काम घ्यायचे तर ते आपल्या विषयातले घ्या. गोदामात पेट्या उचलून तासाला मिळणारे पैसे आणि कंपनीत विद्यार्थी-कर्मचारी म्हणून मिळणारे पैसे यांत फार फरक नसतो, पण दुसऱ्या कामात तुम्हाला ओळखणारी माणसे तयार होतात. शेवटचा प्रबंध शक्यतो कंपनीतच करा. मला नोकरी लागली ती ज्या विभागात प्रबंध केला त्याच विभागात, आणि तीही लगेच नाही, तर तिथली एक अभियंता बाळंतपणाच्या रजेवर गेल्यानंतर मुदतीची जागा म्हणून. त्या मधल्या महिन्यांत नकाराची इतकी पत्रे आली की शेवटी शेवटी मी पहिली ओळ वाचून ती बंद करत असे. त्या पत्रांची भाषा अतिशय सभ्य असते. कारण कुठेही दिलेले नसते, आणि त्यामुळे आपले नेमके कुठे कमी पडले हे कळतच नाही. हे सोसायला कोणी शिकवत नाही. नोकरी लागली तरी पहिले सहा महिने परीक्षेचे असतात, त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येते. आणि करारावर जो आकडा असतो त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग कर आणि विम्यात जातो. घरी पैसे पाठवण्याचा हिशेब हातात पडणाऱ्या रकमेवर करा, करारावरच्या आकड्यावर नाही.

नावाबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण त्या प्रकरणाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आपल्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर स्वतःचे आणि वडिलांचे नाव एकत्र, आडनाव वेगळ्या रकान्यात. लग्नानंतर नव्या पासपोर्टवर वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव. आणि माझा जन्म ग्रामपंचायतीत नोंदला गेला तेव्हा बारसे झालेले नव्हते, म्हणून तिथे नावच नाही; फक्त ‘मुलगी’ आणि वडिलांचे नाव. २०१५ मध्ये माझ्या मुलाचा जन्म नोंदवायला आम्ही गेलो, तेव्हा नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी हे चारही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले, प्रत्येक नावाखाली पेन्सिलने बारीक रेघ ओढली आणि विचारले, यातली बाळाची आई कोण? त्या उद्धट नव्हत्या. त्यांना खरोखर चार बायका दिसत होत्या.

मग कागदपत्रांची भारतात पडताळणी करायचे ठरले. म्हणजे जर्मन दूतावासाने नेमलेला वकील आपल्या गावात जाऊन चौकशी करतो. तो आमच्या गावात गेला, ग्रामसेवकाला भेटला, जिल्हा परिषदेच्या शाळेत बसून दाखल-खारीज रजिस्टर पाहिले, शेजारच्यांना विचारले. गावात दोन दिवस चर्चा झाली की जर्मनीला गेलेल्या पोरीने काय केले म्हणून वकील आला. वडिलांनी फोनवर मला इतकेच विचारले, “काही झालंय का तिकडं? असलं तर सांग, मी हाय.” मी बाळाला मांडीवर घेऊन त्यांना समजावत होते की काही झालेले नाही, फक्त नाव जुळत नाही. जन्माचा दाखला येईपर्यंत बाळाचा पासपोर्ट नाही, पासपोर्ट नाही म्हणून प्रवास नाही, आणि माझ्या आजीने पणतू पाहिला तो थेट त्याला दात आल्यावर.

म्हणून निघण्याआधी ग्रामपंचायतीतून किंवा नगरपालिकेतून आपल्या जन्मनोंदीत नाव आहे का ते पाहा, नसेल तर ते घालून घेता येते का विचारा आणि नवा दाखला काढा. पासपोर्ट, पदवी आणि गुणपत्रकांवर नावाचा क्रम आणि अक्षरे एकच आहेत का हे तपासा. पुढे लग्न झाले तरी पासपोर्टवरचे नाव बदलू नका. कोणी काही म्हटले तर माझे उदाहरण सांगा. लग्नाची नोंदणी मात्र रीतसर कार्यालयात करून घ्या, लग्नपत्रिका आणि फोटो इथे पुरावा म्हणून चालत नाहीत.

एकटेपणाबद्दल तुम्ही सगळ्यांत जास्त विचारले आहे आणि मी सगळ्यांत कमी लिहिणार आहे. तो असतो. नोव्हेंबर-डिसेंबरात साडेचार-पाचच्या सुमारास अंधार पडतो, रविवारी दुकाने बंद असतात, आणि सोमवारपर्यंत आपला आवाज आपल्यालाच ऐकू आलेला नसतो. त्यावर उपाय म्हणजे आठवड्यातून ठरलेल्या दिवशी ठरलेल्या ठिकाणी जाणे, मग तो खेळाचा क्लब असो वा गाण्याचा वर्ग. इथली माणसे ओळख करून घ्यायला वेळ लावतात, पण त्याच जागी पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या माणसाला धरून ठेवतात. मला मराठी मंडळांचा गणपती पुरत नाही. माझी अडचण येळवशीची आहे. मार्गशीर्षाच्या अमावास्येला औशाकडे सगळे घर रानात जाते, कडब्याची कोप करून पूजा होते, बिंदगीतली अंबील आणि पातेलेभर भज्जी घेऊन ओळखीचा-अनोळखी कोणीही बांधावर बसतो. इकडे तो कामाचा साधा दिवस असतो. मी त्या दिवशी रजा घेत नाही, कारण रजा घेऊन घरात करायचे काय हे मला सुचत नाही.

आता जे तुम्ही विचारलेले नाही ते. तुम्ही बावीस वर्षांच्या आहात, मुलाबाळांचा विचार आज कशाला, असे वाटेल. पण परत यायचे की नाही हे इथे माणूस स्वतः ठरवत नाही, मुलांच्या शाळा ठरवतात, म्हणून सांगते. बव्हेरियात चौथीतच मुलांची वाटणी होते. मे महिन्याच्या सुरुवातीला एक प्रमाणपत्र मिळते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियम, २.६६ पर्यंत असेल तर रेआलशूले (दहावीपर्यंतची मधली शाळा), त्याहून वाईट असेल तर मिटेलशूले (कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी शाळा). १ ही सर्वांत चांगली श्रेणी. गिम्नाझियमची वाट थेट विद्यापीठाकडे जाते. आपल्याकडे दहावी-बारावीला मुलांवर केवढा ताण असतो. लातूरच्या शिकवण्यांच्या गल्ल्यांतून मीही गेले आहे. पण तिथे मूल पंधरा-सोळा वर्षांचे असते. इथे ते दहा वर्षांचे असते आणि त्याचे दुधाचे दातही सगळे पडलेले नसतात.

२०२५ च्या मे महिन्यात माझ्या मुलाला गणितात २, जर्मनमध्ये ३ आणि परिसर अभ्यासात ३ मिळाले. सरासरी २.६६. त्याआधीच्या पालकभेटीत बाईंनी विचारले होते की घरी कोणती भाषा बोलता. मराठी म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिले. त्या वेळी मी जर्मनमध्ये जे बोलायचे ते सगळे बोलले. मूल वाक्ये बरोबर लिहिते, पण इथली घरे ज्या गोष्टी जेवताना बोलून मुलांना शिकवतात, जंगलातली झाडे, जुने सण, गावचा इतिहास, त्या आमच्या जेवणाच्या ताटावर नाहीत. आमच्याकडे तूर आणि सोयाबीनच्या भावाचे बोलणे होते, तेही फोनवर. हे त्या श्रेणीत मोजले गेले, असे मला वाटते आणि ते मला पटलेले नाही. रेआलशूलेतून पुढे फाखओबरशूले (व्यवसायाकडे झुकलेली उच्च माध्यमिक शाळा) करून उच्च शिक्षणाला जाता येते, दार बंद झालेले नाही, हे मला माहीत आहे. मुलगाही आनंदात आहे. त्याला कार्यशाळेचा तास आवडतो. सलते ते मलाच. मराठी बोलणे मी थांबवलेले नाही आणि थांबवणार नाही, कारण नाहीतर तो आजोबांशी कशात बोलणार?

राहिला परत येण्याचा प्रश्न. २७ जून २०२४ पासून जर्मनीने नागरिकत्व देताना मूळ नागरिकत्व सोडण्याची अट काढली, पण आपल्या देशाचा कायदा दोन नागरिकत्वे मानत नाही. जर्मन पासपोर्ट घेतला की भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो आणि ओ.सी.आय. कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांचे) मिळते. त्या कार्डावर वारशाने आलेली शेती ठेवता येते, नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. माझ्या नवऱ्याला अर्ज करायचा आहे, कारण त्याला इथे मत द्यायचे आहे आणि त्याचे म्हणणे योग्य आहे. वडिलांच्या शेजारचा दोन एकराचा तुकडा विकायला निघाला आहे आणि तो घ्यावा असे मला वाटते. तो कसणार कोण, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. आमचे अजून ठरलेले नाही.

तुम्ही यावे की नाही, तर यावे असेच मी म्हणेन. वाळूज किंवा चाकणच्या पहिल्या नोकरीत तुमच्यासारखीला जे शिकायला दहा वर्षे लागतील, ते इथे चार वर्षांत दिसते. फक्त कर्जाचा हिशेब १८ महिन्यांवर नाही, सहा महिन्यांवर मोजा, आणि जन्मदाखल्याचे काम याच महिन्यात नगरपालिकेत लावा; पावसाळी अधिवेशन, निवडणूक किंवा संप निघाला की तिथे कोणी जागेवर सापडत नाही.