सायलेन्सर नको, कान सांभाळा

प्रश्न: सर नमस्कार, आम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहतो. मुलगा नववीत आहे, दीड वर्ष झालं एअर रायफल करतोय. रेंज आठवड्यातून तीनच दिवस मिळते म्हणून बाकी दिवस टेरेसवर प्रॅक्टिस, आणि त्या आवाजावरून खालच्या काकूंशी रोज वाद. माझे दीर अमेरिकेत असतात, त्यांच्या रायफलला सायलेन्सर आहे, ते म्हणतात दिवाळीला येताना एक घेऊन येतो. चालेल का? कुठला घ्यायचा, निगा कशी ठेवायची?

उत्तर: ताई, दिरांना आजच फोन करा आणि सांगा की अजिबात आणू नका. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीची जी व्याख्या आहे ना, तिच्यातच आवाज किंवा ज्वाळा कमी करणारी ॲक्सेसरी धरलेली आहे, म्हणजे नुसता सायलेन्सर बॅगेत सापडला तरी कायद्याने ती बंदूकच. ४.५ एमएमची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल लायसन्सशिवाय ठेवता येते म्हणून तिच्यावर लावायची वस्तूही चालेल असं बरेच जण समजतात, तसं नाहीये. अमेरिकेत पण १९३४ पासून रजिस्ट्रेशन लागतं, आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. ऑनलाइन कोणी दुसऱ्या नावाने विकत असेल तर तेही घेऊ नका.

निगेचं विचारलंत म्हणून सांगतो, जिथे परवानगी आहे तिथे पॉइंट टू टू बोअरची रायफल वापरणारे सायलेन्सर वरचेवर खोलून आतलं शिसं साफ करत बसतात, शिवाय तो बॅरलच्या सरळ रेषेत नसला तर गोळी आत घासते. आणि एवढं करून आवाज साधारण २० ते ३० डेसिबलनेच उतरतो, सिनेमातल्यासारखं फुस्स काही होत नाही.

तुमचा खरा प्रॉब्लेम वेगळा आहे. रायफल बॅरल मोडून भरायची असेल तर तिचा बराचसा आवाज आतल्या स्प्रिंग-पिस्टनचा असतो, नळीच्या तोंडाला काही लावून तो जात नाही. आणि काकूंना जो टण्ण ऐकू येतो तो बहुतेक पत्र्याच्या पेलेट ट्रॅपचा, म्हणजे टार्गेटमागे छर्रे अडवायला ठेवतात त्या डब्याचा. एक लाकडी खोकं घ्या, त्यात जुन्या गोधड्या, चिंध्या चांगल्या वीतभर जाडीच्या दाबून भरा, मागे जाड प्लायवूड, त्यामागे भिंतच हवी, कठड्याकडे तोंड नको, आणि खोक्याखाली जुनी रबरी मॅट टाका. दर आठवड्याला चिंध्या हलवा नाहीतर एकाच जागी भोक पडत जातं. नंतर हात साबणाने धुवायला लावा, पेलेट शिशाचे असतात. मुलगा शूट करताना टेरेसवर मोठं माणूस हवंच. आणि पक्ष्यांवर नेम धरायचा नाही, एकदाही नाही.

त्याला सांगा, रायफल शूटर स्वप्नील कुसाळे पण नाशिकमध्येच घडला आणि २०२४ ला पॅरिसला ब्राँझ आणलं.

प्रश्न: निफाडला शेती आहे, बारा बोअरच्या बंदुकीचं लायसन्स आहे. बार काढला की डाव्या कानात दोन-दोन दिवस शिट्टी वाजते. काय करू?

उत्तर: दादा, ही शिट्टी साधी समजू नका, कानाच्या डॉक्टरांकडून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. बारा बोअरचा बार १५० डेसिबलच्या वर जातो आणि १४० च्या पुढे एका बारातही कान कायमचा जाऊ शकतो, आतल्या बारीक केसांच्या पेशी मेल्या की परत येत नाहीत. उजव्या खांद्याला दस्ता लावणाऱ्याचा डावा कान नळीकडे असतो म्हणून तो आधी जातो. माझाही डावाच गेलाय, कॉलेजात असताना कापसाचे बोळे घालून शूट करायचो, आता नातीचं बारीक बोलणं त्या बाजूने ऐकूच येत नाही, म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

कानात फोमचे प्लग आणि वर इअरमफ, म्हणजे हेडफोनसारखं कान झाकणारं, दोन्ही घाला. प्लग स्वच्छ हाताने बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवून फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोट तसंच ठेवायचं. बाहेरून अर्धा प्लग दिसत असेल तर तो लागलेलाच नाहीये. चष्म्याची काडी जाड असली की मफच्या गादीखाली फट राहते, बारीक काडीचा चष्मा घ्या. मफ ओल्या फडक्याने साबण लावून पुसा, थिनर नको, एप्रिल-मेमध्ये गाडीत टाकून ठेवू नका. गादी कडक झाली किंवा चिरली की बदला, घामाने सहा-आठ महिन्यांत होतेच.