कळतं पण वळत नाही: उद्याच्या स्वतःसाठी आजची दहा मिनिटं

समुपदेशनासाठी येणाऱ्यांची एक तक्रार वरचेवर कानावर पडते. "मला सगळं कळतं हो. व्यायाम, वेळेवर झोप, कागदपत्रं, बचत. पण होत नाही. आळशीच आहे मी." अनघाचंही (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) म्हणणं हेच होतं. वय चौतीस, काम दर महिन्याचे अहवाल तयार करण्याचं. अहवाल दर वेळी शेवटच्या रात्री पुरा व्हायचा, जागरणामुळे दुसरा दिवस वाया जायचा आणि त्या दिवसाची कामं आणखी पुढे सरकायची. विम्याचा हप्ता मुदत उलटल्यावर भरलेला, दातांची तपासणी दोन वर्षं रखडलेली.

'आळशी' हे लेबल आधी काढून ठेवावं लागतं, कारण ते एकदा चिकटवलं की पुढे करण्यासारखं काही उरत नाही. शिवाय ते खरंही नव्हतं. रात्रभर ठिय्या मारून अहवाल संपवणारी व्यक्ती कामचुकार नसते. विचारायचं ते असं, की हे काम कुणाच्या गळ्यात घातलं जातंय? अनघाच्या बोलण्यात याचं उत्तर होतं. "उद्या बघते", "पुढच्या महिन्यात जरा मोकळी असेन", "एकदा मूड लागला की बसते." या सगळ्या वाक्यांतली उद्याची अनघा ताजीतवानी होती, उत्साही होती आणि तिला दुसरं काहीच काम नव्हतं.

ही खोड तिच्या एकटीची नाही. मानसशास्त्रज्ञ एमिली प्रोनिन आणि सहकाऱ्यांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात विद्यार्थ्यांना एक बेचव, किळसवाणं मिश्रण किती पिणार हे ठरवायचं होतं. आत्ता स्वतःच प्यायचं म्हटल्यावर माणसं थोडक्यात भागवत होती. पुढच्या सत्रात स्वतः प्यायचं असेल, तर मात्र दुसऱ्या कुणाला पाजायचं असल्यासारखं भरघोस प्रमाण ठरवत होती. म्हणजे पुढचा 'मी' आपल्या हिशेबात जवळपास परकाच असतो आणि त्याच्या माथी काहीही मारता येतं.

पहिल्या आठवड्यात अनघाला कोणताही उपाय दिला नाही. काम पुढे ढकललं की दोनच गोष्टी टिपायच्या: कोणतं काम, आणि त्या क्षणी काय वाटलं. "वेळ नव्हता" असं त्या नोंदींत क्वचितच सापडलं. बाकी सगळीकडे "कुठून सुरू करू कळेना", "फाइल उघडायचीच धास्ती", "चुका निघतील". चालढकलीच्या बहुतेक प्रकरणांत हेच दिसतं. काम टाळलं की नकोशी भावना लगेच कमी होते आणि ती सुटका इतकी गोड असते की मन पुढच्या वेळीही तोच मार्ग धरतं. म्हणून नुसतं वेळापत्रक आखून देणं फोल ठरतं. वेळापत्रकात धास्तीसाठी रकाना नसतो.

मग तिची कामांची यादी पाहिली. तीत असं होतं: 'अहवाल. विमा. दात. कपाट.' वाचणाऱ्याला यातून काहीच उचलता येत नाही. प्रत्येक शब्दामागे दहा निर्णय दडलेले आणि ते सगळे सकाळच्या अनघाने घ्यायचे. यादी नव्याने लिहिताना नियम एकच ठेवला. प्रत्येक ओळीत क्रियापद हवं आणि पहिली कृती पाच मिनिटांत सुरू करता येण्याजोगी हवी. 'अहवाल'चं असं झालं: 'मागच्या महिन्याची फाइल उघडून नव्या नावाने जतन करणे, तिसऱ्या तक्त्यातले जुने आकडे पुसणे. नवे आकडे सोमवारी आलेल्या मेलमध्ये आहेत.' 'दात'चं झालं: 'दुपारच्या सुट्टीत दवाखान्यात फोन करून शनिवारची वेळ मागणे. नंबर या ओळीशेजारीच लिहिला आहे.' नंबर शोधायला लागणं एवढ्याशा अडचणीवरही काम महिनोन्‌महिने अडतं, म्हणून तो तिथेच हवा.

उद्याच्या स्वतःसाठी अशी यादी, म्हणजे एक चिठ्ठीच, लिहिण्याची वेळ दिवस संपताना, काम मिटण्याआधीची दहा मिनिटं. त्या वेळी सगळं डोक्यात ताजं असतं. सकाळी तेच आठवायला अर्धा तास जातो. दहा मिनिटांत तीनच गोष्टी करायच्या: कुठे थांबलो ते एका ओळीत, पुढची कृती एका ओळीत, आणि तिला लागणारी फाइल किंवा वस्तू समोर काढून ठेवणं. काम एखादा भाग संपल्यावर न थांबवता मुद्दाम अर्ध्या परिच्छेदावर किंवा अर्ध्या तक्त्यावर थांबवलं तर अधिक चांगलं. रिकाम्या पानापासून सुरुवात करणं हे सगळ्यात अवघड काम आहे आणि ते सकाळच्या स्वतःवर लादू नये.

इथे अनघाचं काय चुकलं तेही सांगायला हवं, कारण बहुतेकांचं तिथेच चुकतं. दुसऱ्याच आठवड्यात दहा मिनिटांची चाळीस मिनिटं झाली. रंगीत पेनं आली, उद्याच्या दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे पडले, पहाटे उठून व्यायामही त्यात आला. बुधवारी सगळं कोलमडलं. पुढच्या स्वतःला मदत करण्याच्या नावाखाली तिने त्याच्यावर नव्या कामांचा ढीग रचला होता. चिठ्ठीने उद्याचं ओझं कमी व्हायला हवं. ते वाढत असेल तर तो फक्त सुबक हस्ताक्षरातला हुकूम झाला. तेव्हापासून घड्याळ लावून दहा मिनिटं, एकाच रंगाचं पेन आणि दिवसाला जास्तीत जास्त तीन ओळी असं ठरलं.

सवय चिकटवायला 'जर-तर'चं वाक्य लागतं, म्हणजे अमुक घडलं की तमुक करायचं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी या पद्धतीवर बरंच काम केलं आहे. त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी 2006 साली 94 चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा नुसत्या निश्चयापेक्षा अशा वाक्याचा परिणाम ठळकपणे जास्त आढळला. 'लवकर झोपायचं' हा नुसता निश्चय. 'रात्रीचं जेवण आवरलं की फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा' हे जर-तर. यातला 'जर' डोळ्यांना दिसणारा आणि रोज हमखास घडणारा हवा. 'वेळ मिळाला की' किंवा 'बरं वाटलं की' हे 'जर' चालत नाहीत, कारण ते नक्की कधी घडले हेच कळत नाही. एका वेळी एकच वाक्य.

"एकवीस दिवसांत सवय लागते ना?" हा प्रश्नही हटकून येतो. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या 96 जणांवरच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) 66 होता. माणसामाणसांतला फरक 18 ते 254 दिवस इतका मोठा होता. (अभ्यास 12 आठवड्यांचाच होता, तेव्हा 254 हा आकडा गणिताने काढलेला अंदाज आहे.) त्यात आणखी एक गोष्ट दिसली: एखाद्या दिवसाच्या खाड्याने फारसं बिघडत नाही. नुकसान होतं ते खाड्यानंतर स्वतःला धारेवर धरण्याने. कॅनडात 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं होतं, त्यांची पुढच्या परीक्षेआधीची चालढकल कमी झाली. अनघाला हे पटायला वेळ लागला. स्वतःला रागावलं नाही तर आपण सुटतच जाऊ, अशी तिची खात्री होती. पण तिच्याच नोंदवहीत स्वतःला बोल लावलेल्या दिवसापाठोपाठ फाइल न उघडलेले आणखी दोन-तीन दिवस लागलेले दिसत होते. तो पुरावा तिने स्वतःच शोधला, म्हणून पटला. खाड्यानंतरचा नियम साधा: दुसऱ्या दिवशी दहाऐवजी दोन मिनिटं, पण जागा आणि वेळ तीच.

वेळेच्या अंदाजात आपण सगळेच हुकतो. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी 1994 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपेल? सरासरी अंदाज 34 दिवसांचा आला, प्रत्यक्षात लागले 55 हून जास्त. सगळंच बिनसलं तर किती लागतील, याचा अंदाजही सुमारे 49 दिवसांचाच होता. उपाय रुक्ष आहे. या वेळी किती लागतील असं विचारायचं नाही, मागच्या तीन वेळी किती लागले ते वहीत पाहायचं आणि तोच आकडा धरायचा. अनघा अहवालाला चार तास धरायची, वहीप्रमाणे त्याला नऊ लागत होते. चार तासांचं काम शेवटच्या दिवसावर ठेवायला कुणाला भीती वाटेल?

जे काम वर्षातून एकदाच येतं त्यासाठी मात्र सवय वगैरे लावत बसू नये. विम्याचा हप्ता बँकेतून आपोआप जाईल अशी सोय एकदा करून टाकायची, खात्यात पैसे असल्याची आठवण त्याआधी आठवडाभर लावायची, आणि ते डोक्यातून काढून टाकायचं.

एक काळजी सुरुवातीलाच घ्यायची असते. आवडीच्या गोष्टींतलंही मन उडालंय, झोप-भूक बिघडली आहे आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, असं असेल तर प्रश्न सवयींचा नसून नैराश्याचा असू शकतो. लक्ष न टिकणं, वस्तू हरवणं, कामं अर्धवट राहणं हे लहानपणापासून आणि घरी-बाहेर सगळीकडेच होत असेल, तर त्याचीही रीतसर तपासणी हवी. अशा वेळी वही-पेन पुढे करण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्यावी. अनघाच्या बाबतीत तसं काही नव्हतं.

तीन महिन्यांनी दहा मिनिटांची चिठ्ठी टिकली होती, फोन बहुतेक रात्री बाहेरच्या खोलीत होता, अहवाल दोन दिवस आधी जात होता. पहाटेचा व्यायाम सुटला होता. सगळ्यात चिवट निघाली ती 'हो' म्हणण्याची सवय. दोन महिन्यांनंतरच्या कामाला ती अजून पटकन होकार देते, कारण तेव्हाची दिनदर्शिका कोरी दिसते. त्यासाठी आता तिने एक प्रश्न फोनशेजारी चिकटवला आहे: 'हेच येत्या मंगळवारी असतं तर?' उत्तर 'नाही' असं आलं, तर समोरच्याला "उद्या कळवते" म्हणायचं, आणि ते कळवणं संध्याकाळच्या चिठ्ठीत पहिल्या ओळीवर लिहायचं.