जखमेतले जिवाणू ओळखायचे आहेत, तर कल्चर शिकावे का?

प्रश्न : मी बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडिलांना मधुमेह आहे. त्यांच्या पायाच्या जखमेच्या कल्चर (नमुन्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून ओळखणे) रिपोर्टमध्ये तीन जिवाणूंची नावे आली, तेव्हापासून याच कामात जायचे ठरवले आहे. आता डीएनए सिक्वेन्सिंगने, म्हणजे जिवाणूंचा डीएनए थेट वाचून, सगळे जिवाणू कळत असतील, तर कल्चर शिकण्यात वेळ घालवावा का?

उत्तर : जरूर घालवावा, आणि त्याचे कारण तुमच्या वडिलांच्या रिपोर्टमध्येच आहे. अशा जखमेत कोणकोणते जिवाणू आहेत हे शोधण्यापेक्षा, त्यांतला संसर्गाला कारणीभूत कोण आणि नुसता वरवर वस्तीला आलेला कोण, हे ठरवणे जास्त अवघड असते. जखमेवरून फिरवलेल्या स्वॅबमध्ये (कापसाच्या बोळ्यात) दोन्ही प्रकारचे सापडतात. म्हणूनच जखम स्वच्छ करून, मृत भाग काढून टाकून, तळातल्या ऊतीचा तुकडा तपासणीला पाठवणे योग्य मानले जाते.

सिक्वेन्सिंगमध्ये बहुधा १६एस आरआरएनए हे जिवाणूची ओळख पटवणारे, सुमारे १५०० बेस-जोड्यांचे (डीएनएच्या अक्षरांचे) जनुक वाचले जाते. कल्चरमध्ये सहज हाती न लागणारे विनॉक्सी (ऑक्सिजनशिवाय वाढणारे) जिवाणूही त्यात दिसतात, हे त्याचे मोठे बळ. पण मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही त्यात धरला जातो, आणि कोणते अँटिबायोटिक लागू पडेल हे त्या एका जनुकावरून सांगता येत नाही. मधुमेहींच्या पायाच्या संसर्गाबाबतच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांचा कलही आधी नेहमीचे कल्चर करावे असाच आहे.

कल्चरच्या प्लेटवर काय शिकायला मिळते, याचे एक उदाहरण देतो. नमुन्यात प्रोटियस हा जिवाणू असेल तर तो एका रात्रीत ब्लड अगारवर (रक्त घातलेल्या वाढमाध्यमावर) लाटांसारखा पसरतो आणि त्याच्याखाली स्टॅफिलोकॉकस ऑरियस या दुसऱ्या जिवाणूच्या कॉलनी (वसाहती) झाकल्या जातात. ग्रॅम स्टेनमध्ये (जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना) जांभळ्या गोल स्टॅफिलोकॉकस जिवाणूंचे घोस पाहिलेला विद्यार्थीच तेव्हा थबकतो आणि तोच नमुना मॅनिटॉल सॉल्ट अगार या खारट माध्यमावर लावतो, कारण तिथल्या मिठात प्रोटियसला पसरता येत नाही. (ही सवय मला तरी कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा मोलाची वाटते.)

तेव्हा मेडिकल मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करा आणि त्याच काळात बायोइन्फर्मेटिक्सची (संगणकावर जनुकांच्या माहितीचे विश्लेषण) प्राथमिक ओळख करून घ्या. सिक्वेन्सिंगकडे नंतर वळता येईल. प्रवेश घेण्यापूर्वी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत किती महिने प्रत्यक्ष काम मिळेल आणि या पदवीवर रिपोर्टवर सही करण्याचा अधिकार मिळतो का, हे विचारून घ्या. विनॉक्सी कल्चर तिथे होते का, हेही विचारा. ते होत नसेल, तर काळ्या पडलेल्या, दुर्गंधी येणाऱ्या जखमांचे अर्धेच चित्र तुम्हाला शिकायला मिळेल.