रोख टिपा रिटर्नमध्ये दाखवायच्या का? थोडं लांबलचक उत्तर

म्हणजे तुमचं असं आहे ना: एच-४ ईएडीवर (व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणारा अमेरिकेतला कामाचा परवाना) न्यू जर्सीतल्या एडिसनच्या एका सलॉनमध्ये भुवयांचं थ्रेडिंग करता, कार्डावरच्या टिपा पगारात मिळून येतात आणि डब्ल्यू-२ च्या (मालकाकडून मिळणारा वर्षाच्या पगाराचा फॉर्म) बॉक्स ७ मध्ये २,९०० डॉलर दिसतायत, पण रोख आणि झेलवर (फोनवरून थेट बँकेत पैसे पाठवायची सोय) आलेले साधारण ३,५०० कुठेच नाहीत. मालकीण म्हणते "आता टिपवर टॅक्सच नाही, दाखवता कशाला", आणि नवरा म्हणतो दाखवूया.

नवऱ्याचं ऐका. (एरवी मी असं सहसा सांगत नाही.)

मालकीणबाईंनी अर्धंच ऐकलंय. ४ जुलै २०२५ ला जो कायदा झाला त्यात टिपा माफ केलेल्या नाहीत, वजावट दिलीय. म्हणजे आधी टिप उत्पन्नात धरायची आणि मग शेड्यूल १-ए वर (रिटर्नला जोडायचा वजावटींचा कागद) वजा करायची, जी धरलीच नाही ती वजा कशातून करणार? मर्यादा वर्षाला २५,००० डॉलर, २०२५ ते २०२८ एवढीच वर्षं, आणि जॉइंट रिटर्नवर उत्पन्न ३ लाखांच्या वर गेलं की वरच्या दर हजारामागे १०० डॉलर वजावट कमी होते. नवरा-बायकोने वेगवेगळं फाइल केलं तर वजावट नाहीच. एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) कामासाठी वैध लागतो, तुमच्या कार्डावर "डीएचएसच्या (इमिग्रेशनवाल्या खात्याच्या) परवानगीनेच कामासाठी वैध" अशी ओळ छापलेली असेल, तिला घाबरू नका, चालतं. आणि कुठल्या कामांना हे लागू त्याची ट्रेझरीने (अर्थखात्याने) यादी काढलीय, त्यात आयब्रो थ्रेडिंग चक्क वेगळं नाव घेऊन आहे! मला वाचून फार बरं वाटलं, आपल्या बायकांचं काम कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणून.

आता ३,५०० चं करायचं काय. फॉर्म ४१३७. मालकाला न कळवलेल्या टिपा तिथे जातात, तिथून १०४० च्या (मुख्य रिटर्न फॉर्मच्या) लाइन १सी वर. त्यावर सोशल सिक्युरिटी (पेन्शन) आणि मेडिकेअरचे (म्हातारपणीचा आरोग्यविमा) ७.६५ टक्के बसतात, तुमच्या बाबतीत साधारण २६८ डॉलर. ही वजावट फक्त इन्कम टॅक्सची आहे, हे ७.६५ टक्के तिच्यामुळे सुटत नाहीत. मग शेड्यूल १-ए वर २,९०० अधिक ३,५०० असे पूर्ण ६,४०० वजा. रोख टिपांवर फेडरल इन्कम टॅक्स शून्य झाला आणि कार्डाच्या २,९०० वर मात्र चक्क वाचला, २२ टक्क्यांच्या ब्रॅकेटमध्ये असाल तर ६३८ डॉलर. न्यू जर्सीला या वजावटीशी काही देणंघेणं नाही हं, स्टेटच्या रिटर्नमध्ये टिपा पगारासारख्याच धरल्या जातात, तिथे टॅक्स भरावाच लागेल.

ते २६८ अगदी पाण्यात जातात असंही नाही. सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनला ४० क्रेडिट लागतात, २०२५ मध्ये १,८१० डॉलर कमाईला एक क्रेडिट, वर्षाला जास्तीत जास्त चार. पार्टटाइम करणाऱ्या बाईला या रोख टिपांनी एखाददुसरं क्रेडिट जास्त मिळू शकतं. भारताशी अमेरिकेचा याबाबत करार नाही, त्यामुळे इथली कमी पडलेली क्रेडिट तिथल्या नोकरीतून भरून निघत नाहीत.

माझं सांगते. मी २०१६ पासून एका इंडियन रेस्टॉरंटमध्ये वेट्रेस होते. तिथला मंत्रही हाच, रोखीचं कोण बघतंय. एका वर्षी डब्ल्यू-२ च्या बॉक्स ८ मध्ये आकडा आला. मोठ्या रेस्टॉरंटमध्ये लोकांनी कळवलेल्या टिपा विक्रीच्या ८ टक्क्यांपेक्षा कमी भरल्या की मालक फरक वाटून प्रत्येकाच्या नावावर टाकतो, तो हा बॉक्स, आणि तो बॉक्स १ मध्ये धरलेला नसतो. ओळखीतला एक टॅक्सवाला म्हणाला सोडून द्या, मी सोडला. पुढे आयआरएसचं (टॅक्स खात्याचं) सीपी २००० पत्र आलं, म्हणजे रिटर्न आणि त्यांच्याकडचे आकडे जुळत नाहीत असं, टॅक्स अधिक व्याज. गंमत म्हणजे खऱ्या टिपा त्या आकड्यापेक्षा कमी होत्या, कारण मी त्यातल्या काही बसबॉयला (टेबलं आवरणाऱ्या मुलाला) द्यायचे, पण लिहून ठेवलंय कुठे? रोजची नोंद असती तर खरा आकडाच लावता आला असता. हातात काही नव्हतं, गपचूप भरले.

त्यानंतर आईने पाठवलेलं कालनिर्णय फ्रिजवर लावलं आणि दुधाचा हिशोब लिहितात तसं प्रत्येक चौकोनात रोख, कार्ड, झेल आणि दुसऱ्याला दिलेले असं लिहायला लागले. तुमच्याकडेही टिप वाटून घेत असाल तर फक्त स्वतःकडे राहिलेलीच धरा. ठरलेला सर्व्हिस चार्ज बिलातच लावला असेल तर ती टिप नव्हे, तो पगार, त्याला वजावट नाही. आणि दिवाळीत नेहमीच्या ग्राहकाने पाकीट दिलं तर ते "गिफ्ट" म्हणून बाजूला ठेवू नका, केलेल्या कामासाठी दिलेत ना, मग टिपच.

खरं तर महिन्याला २० डॉलर किंवा जास्त टिपा झाल्या की पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मालकाला लेखी कळवायचं असतं. पूर्वी त्यासाठी फॉर्म ४०७० होता, आता साधा कागद चालतो: तुमचं नाव, पत्ता, एसएसएन, सलॉनचं नाव-पत्ता, महिना, रक्कम, सही. कारण न देता कळवलं नाही तर त्या ७.६५ टक्क्यांच्या निम्मा दंड लागू शकतो, तुमच्यावर साधारण १३४ डॉलर. मालकीणबाई तोंड वाकडं करतील कारण तुमच्या टिपांवर तेवढेच ७.६५ टक्के त्यांनाही भरावे लागतात, आणि ते "कशाला दाखवताय" तिथूनच येतंय असं माझं मत, चुकीचं असेल तर त्यांनी माफ करावं.

२०२५ चं झेल बँकेच्या स्टेटमेंटमधून काढा, रोख अपॉइंटमेंटच्या वहीवरून जमेल तसं प्रामाणिकपणे जुळवा, आणि ते कागद रिटर्नच्या कॉपीबरोबर ठेवा. चालू महिन्याचा कागद मात्र पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत मालकीणबाईंच्या हातात द्या, आणि देण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा.