मनुका खायला नकोत त्यांना

पत्र : आई ८६ वर्षांची, अलिबागकडची बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. वर्षभरापासून इथे इस्रायलमध्ये अश्दोदच्या वृद्धाश्रमात आहे. शुक्रवारी संध्याकाळी सगळे जेवणघरात शब्बाथच्या (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) किद्दुशला, म्हणजे वाइनच्या पेल्यावरच्या प्रार्थनेला, जमतात, ही भिंतीकडे तोंड करून पडून राहते. बाकीचे मोरोक्कोचे नाहीतर रशियाचे, मराठी कोणाला येत नाही. 'तू बिश्वात' या झाडांच्या सणाला मी मलिद्याचं, म्हणजे गोड पोह्यांचं, भरलेलं ताट नेलं. सगळ्यांनी फोटो काढले, हिने चिमूटभर खाल्लं. फोनवर सारखं 'काळ्या मनुका आण' म्हणते, पण शुगर आहे म्हणून मी टाळते. आश्रम बदलू का?

उत्तर : आश्रमाचं राहू द्या, मनुकांचं बोला. एका ओळीत उरकल्यात तुम्ही त्या. बेने इस्राएल घरातली लेक तुम्ही, आणि आई काळ्या मनुका का मागते हे मी सांगायचं?

माझं बालपण ठाण्यात टेंभी नाक्याजवळ गेलं. तुमचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, तिथे १८७९ पासून आहे. शेजारच्या मावशी त्याला मशीदच म्हणायच्या. गुरुवारी रात्री त्या काळ्या मनुका भिजत घालायच्या. शुक्रवारी दुपारी हाताने कुस्करून पातळ फडक्यातून पिळायच्या, पार बोटं जांभळी होईपर्यंत. दिवस मावळायच्या आत उरकायचं, शब्बाथ लागला की पिळणं बंद. कोकणात कोशेर, म्हणजे तुमच्या धर्मनियमांत बसणारी, वाइन कुठली मिळायला? पिढ्यान्पिढ्या किद्दुश झाला तो या सरबतावर. खपायच्या मावशी, पेला मात्र काकांच्या हातात.

जिने जन्मभर शुक्रवार स्वतःच्या हाताने उभा केला, तिच्यापुढे आता कागदी कपात द्राक्षाचा रस येतो. मीही भिंतीकडेच तोंड केलं असतं. तुमचा मलिदासुद्धा तयारच गेला होता ना? पोहे त्यांना भिजवू दिलेत? नारळ खवू दिलात?

आणि शुगरचं कारण मला सांगू नका. जेवणघरातला रस काय कारल्याचा असतो? एका घोटाचं नर्सला विचारून घ्या.

येत्या गुरुवारी जा. कोशेर शिक्क्याचं सीलबंद पाकीट न्या, म्हणजे तिथलं स्वयंपाकघर कुरकुर करणार नाही. नवा वाडगा, नवं फडकं. शुक्रवारी दुपारी पुन्हा जा. बस लवकर बंद होतात, तेव्हा परतायचा बेतच नको, त्यांच्या खोलीतल्या खुर्चीत झोपा एक रात्र. पिळायचं त्यांनी. हात थरथरतील, सांडेल, तरी फडकं हातातून घ्यायचं नाही. संध्याकाळी पेलाही त्यांच्याच हातात द्या. किद्दुश बाईने म्हटलेला चालतो, तुमच्या शास्त्राने तो बाईवरही बंधनकारक ठेवलाय.

उरलेलं सरबत जेवणघरात न्यायचं की नाही, ते त्या ठरवतील.

पलंगावर जुनी चादर घाला मात्र. मनुकांचे डाग जात नाहीत.