वाचकांचे प्रश्न : कालवाच्या डीएनएची पट्टी का येत नाही?

प्रश्न : रत्नागिरीच्या खाडीतल्या कालवांसाठी मायक्रोसॅटेलाइट मार्कर (डीएनएतल्या छोट्या तुकड्यांच्या पुनरावृत्तीवरून ओळखायच्या खुणा) तयार करतो आहे. पॅसिफिक कालवाचे छापून आलेले प्रायमर (हवा तो भाग वाढवण्यासाठी डीएनएला चिकटणारे छोटे तुकडे) वापरले. काही नमुन्यांत जेलवर पट्टीच येत नाही आणि हेटरोझायगोट (एकाच जागी दोन वेगळे अलील, म्हणजे दोन वेगळी रूपं, असलेले प्राणी) अपेक्षेपेक्षा बरेच कमी दिसतात. डीएनए खराब असेल का?
— एम.एस्सी.चा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : आधी पट्टी न आलेला नमुना दहापट पातळ करून पुन्हा पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) लावा. आता पट्टी आली, तर डीएनएसोबत उतरलेले चिकट पॉलिसॅकराइड एन्झाइमला अडवत होते. कालवाच्या अंगात हा बुळबुळीतपणा भरपूर. म्हणून पोटाचा भाग टाळून शिंपला मिटणारा स्नायू घ्या. 20-25 मिग्रॅ पुरे. तो किनाऱ्यावरच त्याच्या पाचपट 95 टक्के इथेनॉलमध्ये बुडवा आणि दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदला, कारण ऊतीतल्या पाण्याने ते पातळ होतं. जिवंत कालवं पोत्यात भरून नाशिकपर्यंत आणू नका.

पातळ करूनही पट्टी नाही, पण त्याच नमुन्यात सीओआय जनुक (जाती ओळखायला वापरतात तो) छान वाढतो? मग डीएनए ठीक आहे, प्रायमर बसत नाही. पॅसिफिक कालवात कोडिंग (प्रथिनांची माहिती असलेल्या) भागात साधारण दर 60 बेसमागे (डीएनएच्या अक्षरांमागे) आणि इतरत्र दर 40 बेसमागे एक फरक सापडतो. वीस-वीस बेसची प्रायमर जोडी म्हणजेच 40 बेस! फरक प्रायमरच्या थ्री प्राइम टोकाशी (जिथून नवी प्रत वाढू लागते) पडला की प्रत वाढतच नाही; हाच नल अलील. एका गुणसूत्रावर असला तर हेटरोझायगोट होमोझायगोट (दोन्ही अलील सारखे असलेला) भासतो, दोन्हींवर असला तर जेल कोरी.

त्यात तुमच्या कालवाची जात निराळी असणार. कालवाचं कवच खडकाप्रमाणे आकार बदलतं, तेव्हा ओळख सीओआयच्या क्रमावरूनच पक्की करा. अ‍ॅनिलिंगचं (प्रायमर चिकटण्याचं) तापमान दोन-तीन अंशांनी उतरवून पाहता येईल, पण ही तात्पुरती मलमपट्टी. खरा उपाय म्हणजे स्वतःचे प्रायमर. एकाच प्राण्याच्या क्रमावरून ते बेतू नका. पाच-सहा प्राण्यांचे क्रम शेजारी मांडून न बदलणारी जागा शोधा. तीन किंवा चार बेसची पुनरावृत्ती निवडा. दोनच्या पुनरावृत्तीत सावलीपट्ट्या (खऱ्या पट्टीशेजारच्या खोट्या पट्ट्या) फार, आणि अलील वाचताना डोकं उठतं.

मग किमान 30 प्राण्यांवर तपासा. हेटरोझायगोटांची कमतरता मोजक्याच लोकसवर (मार्करच्या जागांवर) असेल तर नल अलील धरा आणि ते लोकस सोडा. सगळ्यांवर सारखी असेल तर नमुन्यात दोन जाती किंवा दोन वेगळे समूह मिसळले असण्याची शक्यता आधी तपासा. तोवर प्रबंधात अंतःप्रजननाचा (जवळच्या नात्यातल्या प्रजननाचा) निष्कर्ष लिहू नका.