आधी स्लाइसची जाडी बघा

'हेडसेट घातला की मूत्रपिंड पायऱ्यापायऱ्यांचं दिसतं, धमनी मध्येच तुटते, सॉफ्टवेअर बदलू का?' सीटी स्कॅनवरून व्हीआर मॉडेल बनवताना पडलेला हा प्रश्न वाचला आणि माझी जुनी केस डोळ्यांपुढे आली. बदलू नका. थ्रीडी स्लायसर हे स्कॅनवरून मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, चांगलं आहे, त्याचं व्हीआर एक्स्टेन्शनही चालतं. सेगमेंटेशन, म्हणजे स्कॅनमधून अवयव वेगळा आखणं, तुम्हाला येतंच. फक्त सीरिजची माहिती उघडून स्लाइस थिकनेस, म्हणजे स्कॅनच्या एकेका कापाची जाडी, वाचा. पैज लावतो, ५ मिमी निघेल.

माझी तेवढीच होती. गाठ खालच्या टोकाला. मूत्रपिंड वाचवून नुसती गाठ काढायची होती. पिक्सेल पाऊण मिलिमीटरचा आणि स्लाइस ५ मिमीची, म्हणजे भाकऱ्यांची चवडच. मी दिवटा, स्मूदिंग (पृष्ठभाग गुळगुळीत करणारी सोय) वाढवलं. मॉडेल झकास गुळगुळीत झालं, हेडसेट सगळ्या रेसिडेंटांच्या डोक्यावर फिरवून झाला. ऑपरेशनला मुख्य धमनीवर क्लॅम्प लावून गाठीभोवती कापायला घेतलं, तर रक्त थांबेना. महाधमनीतून थेट खालच्या टोकाला गेलेली जेमतेम २ मिमीची दुसरी धमनी होती. जादा धमनी साधारण चारात एकाला असतेच, म्हणजे ती शोधणं माझंच काम. जाड स्लाइसमध्ये ती आजूबाजूच्या चरबीत मिसळून फिकट झाली होती, उरलासुरला ठिपका माझ्या स्मूदिंगने पुसला. पेशंट ठणठणीत आहे, मूत्रपिंडही राहिलं. पण सक्शनचा तो आवाज अजून कानात आहे.

पातळ स्लाइस मी आधी मागितल्या नव्हत्या असं नाही. सेंटरचं नाव घेत नाही. काउंटरवरच्या मुलाने सीडी दिली, तिच्यात जेपीईजी! जेपीईजीत ना हाउन्सफील्डचे (ऊतींची घनता सांगणारे) आकडे, ना मिलिमीटरचं माप. दुसऱ्या खेपेला डायकॉम, म्हणजे आकडे-माप शाबूत असलेल्या स्कॅनच्या फाइली, मिळाल्या, पण ५ मिमीच्याच. तिसऱ्या खेपेला म्हणे, 'पातळ डेटा मशीनवरून उडाला, सर. आठवड्याने उडतोच.' अरे, मशीन मुळात बारीकच घेतं, जाड स्लाइस तुम्ही वाचायला आणि साठवायला सोयीच्या म्हणून बनवता! पेशंटचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगणारी रक्ततपासणी) काठावर, त्यामुळे पुन्हा स्कॅन करून काँट्रास्टचं औषध द्यायचं धाडस झालं नाही, आणि आहे त्यावर मी भागवलं.

तेव्हापासून सीटीच्या चिठ्ठीवरच लिहितो: १ मिमी किंवा कमी, आर्टेरियल फेज (काँट्रास्ट धमन्यांत असतानाचा स्कॅन), डायकॉम. शिवाय टेक्निशियनला स्वतः फोन करतो आणि त्याच दिवशी डेटा उचलतो. रेडिओलॉजिस्टपेक्षा टेक्निशियनशी ओळख जास्त कामाची, हे माझं मत, रागावू नका.

स्मूदिंग शून्यावर ठेवा असं म्हणत नाही, पण मूळ करड्या स्लाइस शेजारी उघड्या असल्याशिवाय मॉडेलवर भरवसा ठेवू नये. सीटी उताणा झोपवून, श्वास धरून होतो. टेबलावर पेशंट कुशीवर, मूत्रपिंड सरकलेलं, त्यामुळे व्हीआरमधलं अंतर जसंच्या तसं मिळणार नाही. मी युरोलॉजिस्ट आहे, इंजिनिअर नाही, आणि स्लायसर संशोधनासाठी आहे, निर्णय तुमच्या जबाबदारीवर.

आणि हो, मॉडेल पुढे युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये नेणार असाल तर तिथली अक्षांची पद्धत उलटी आहे, डावं-उजवं बदलू शकतं. एक्स्पोर्ट करताना यकृतही सोबत घ्या आणि हेडसेट घातल्यावर पहिल्यांदा ते पेशंटच्या उजव्या बाजूलाच आलंय ना ते बघा.